स्वेच्छानिवृत्ती ते पेन्शन: मधल्या वर्षांचा इतिहास कसा शोधायचा?

श्रम-इतिहासावर काम करायचं ठरवलंत की पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. माणूस नोकरीत असतो तोवर तो कागदांवर सगळीकडे सापडतो: हजेरीपट, पगारपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा, युनियनची पावती. पेन्शन सुरू झाली की तो पुन्हा कागदावर येतो. पेन्शनचा नंबर असतो, दरवर्षी हयातीचा दाखला असतो. पण वयाच्या ४५ व्या वर्षी नोकरी सुटली आणि पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू झाली, तर मधली तेरा वर्षं तो माणूस कुठे असतो?

घरातच असतो. साठवलेल्या पैशांवर जगत असतो. पण ते कुठल्याही दप्तरात नोंदलेलं नसतं.

या लेखात मला एक मुद्दा मांडायचा आहे आणि तो मांडताना अशा विषयावर काम कसं करायचं हेही दाखवायचं आहे. मुद्दा असा: १९८८ नंतर भारतात स्वेच्छानिवृत्ती, म्हणजे आपण सगळे म्हणतो ती 'व्हीआरएस', हे मनुष्यबळ कमी करण्याचं मुख्य साधन झालं. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांना एकरकमी पैसे देऊन घरी पाठवलं गेलं. ती रक्कम पेन्शनपर्यंत पुरेल, हे मात्र कुठल्याच परिपत्रकात तपासलेलं नव्हतं. व्याज भरपूर मिळत राहील, एवढ्या एका गृहीतकावर लोकांनी घरखर्च बेतला, आणि नेमकं तेच गृहीतक २००० ते २००३ या तीन वर्षांत कोसळलं.

आधी पैलतीर कधी तयार झाला ते बघा

'पेन्शन सुरू होईपर्यंत पुंजीवर जगणं' असं आपण सहज म्हणतो, पण त्यासाठी मुळात पेन्शन असावी लागते. इथे बरेच विद्यार्थी घसरतात. आजची व्यवस्था मनात धरून ते मागचा काळ वाचतात.

खासगी उद्योगांतल्या कामगारांसाठी कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२ चा. सुरुवातीच्या सहा उद्योगांत कापडगिरण्या होत्या. १९७१ मध्ये कौटुंबिक पेन्शन योजना आली, पण ती कामगार गेल्यावर त्याच्या कुटुंबासाठी होती. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. कामगाराला स्वतःला हयातीत दरमहा पेन्शन देणारी योजना लागू झाली १६ नोव्हेंबर १९९५ रोजी. तीच ईपीएस-९५.

आता १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईचा गिरणी संप आठवा. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा कधीच कामावर घेतले गेले नाहीत. चाळिशीत नोकरी गेलेल्या त्या गिरणी कामगारासमोर ५८ व्या वर्षीची पेन्शन नव्हतीच. हातात फंड आणि ग्रॅच्युइटी, तीही मिळाली तर आणि मिळेल तेव्हा. त्याच्यासाठी 'मधली वर्षं' म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' या २००४ च्या पुस्तकात गिरणगावातल्या लोकांच्या मुलाखती आहेत. या विषयाला हात घालण्याआधी त्या वाचा.

म्हणून पहिला नियम: ज्या माणसांचा अभ्यास करताय, त्यांच्यापुढे पैलतीर होता का, आणि असल्यास किती अंतरावर, हे कायद्याच्या तारखांवरून आधी नक्की करा.

रकमेचं सूत्र कवितेसारखं वाचा, शब्दन् शब्द

केंद्र सरकारच्या सार्वजनिक उपक्रमांसाठी व्हीआरएसची योजना ऑक्टोबर १९८८ मध्ये आली. १९९१ च्या नव्या औद्योगिक धोरणानंतर तिला वेग आला आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारला गेला. कामगारांना नवं प्रशिक्षण देऊन दुसऱ्या कामाला लावणं हाही त्याचा एक जाहीर हेतू होता. पुढे 'गुजरात पद्धत' आली: झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार.

सगळ्यात मोठी एकगठ्ठा लाट मात्र सरकारी बँकांची. नोव्हेंबर २००० ते मार्च २००१ या काळात बहुतेक सरकारी बँकांनी व्हीआरएस खुली केली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. पात्रता काय? वय ४० पूर्ण किंवा सेवा १५ वर्षं. रक्कम किती? सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा निवृत्तीला जितके महिने उरले तितक्या महिन्यांचा पगार. यांतलं जे कमी असेल ते.

'जे कमी असेल ते' या चार शब्दांवर थांबा. वय ४८ आणि सेवा २५ वर्षं असा कर्मचारी घ्या. पहिल्या हिशेबाने त्याला ५० महिन्यांचा पगार मिळतो. निवृत्तीचं वय ६०, म्हणजे उरलेले महिने १४४. कमी ते ५०. म्हणजे बारा वर्षांच्या अंतरासाठी चार वर्षं दोन महिन्यांचा पगार. सूत्र मागे केलेली सेवा मोजतं. निवृत्ती किती दूर आहे, हे त्यात फक्त कमाल मर्यादा म्हणून येतं. जास्त वर्षं बाकी असलेल्या तरुण माणसाची सेवाही कमी झालेली असते, त्यामुळे ज्याला सर्वांत लांब पूल बांधायचा, त्यालाच सर्वांत कमी सामान मिळतं.

बँकेत एक फरक होता, तो नजरेआड करू नका. १९९५ च्या बँक पेन्शन नियमांखाली ज्यांनी पेन्शनचा पर्याय घेतला होता, त्यांना बाहेर पडल्यावर पेन्शन मिळण्याचा रस्ता होता. ज्यांनी फंडाचा पर्याय ठेवला होता, त्यांना नव्हता. एकाच शाखेत, एकाच काउंटरवर शेजारी बसणाऱ्या दोघांची पुढची कित्येक वर्षं काही वर्षांपूर्वी भरलेल्या एका फॉर्मने ठरली. स्टेट बँकेत तर पेन्शनसाठी २० वर्षं सेवेची अट होती, आणि १५ वर्षांवर व्हीआरएस घेतलेल्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२० पर्यंत चालला.

दोन कालरेषा शेजारी ठेवा

हे तंत्र साधं आहे, पण मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेलं आहे. एका कागदावर श्रमधोरणाच्या तारखा लिहा. त्याच्या शेजारी बचत-धोरणाच्या तारखा लिहा. ही दोन क्षेत्रं वेगवेगळ्या खात्यांची, वेगवेगळ्या अभ्यासकांची. म्हणून त्यांची गाठ सहसा कोणी घालत नाही. घरात मात्र त्यांची गाठ दर महिन्याच्या एक तारखेला पडते.

बचतीच्या रेषेसाठी पीपीएफचा व्याजदर घ्या. पीपीएफमधून दरमहा व्याज मिळत नाही, त्यामुळे त्यावर कोणी घर चालवत नव्हतं. पण अल्पबचतीचा एकूण कल दाखवायला ती सोयीची पट्टी आहे. जानेवारी २००० च्या मध्यापर्यंत दर १२ टक्के. मग ११. १ मार्च २००१ पासून ९.५. मार्च २००२ पासून ९. १ मार्च २००३ पासून ८.

आता श्रमधोरणाची रेषा शेजारी सरकवा. बँकांचे एक लाख लोक ३१ मार्च २००१ पर्यंत बाहेर पडत होते, आणि त्याच मार्चच्या पहिल्या तारखेला अल्पबचतीचा दर दीड टक्क्याने उतरला होता. अनेकांच्या हाती धनादेश पडायच्या आधीच त्या पैशांची कमाई घटली होती. तीन महिन्यांनी, २ जुलै २००१ रोजी, युनिट ट्रस्टने यूएस-६४ या योजनेची खरेदी-विक्री थांबवली. १९६४ पासूनची ही योजना मध्यमवर्गाला मुदत ठेवीइतकीच सुरक्षित वाटत आली होती. ऑगस्टपासून एका गुंतवणूकदाराला ३,००० युनिटपर्यंतच विकण्याची सवलत मिळाली.

यात कोणाचा कट होता असं समजू नका. इतिहासाच्या विद्यार्थ्याने खलनायक शोधण्याची घाई करू नये. व्याजदर उतरवण्यामागे कारणं होती. बाजारातले दर आणि महागाई दोन्ही खाली येत होती, अल्पबचतीवर दिलेलं जास्त व्याज राज्यांच्या कर्जावर चढत होतं, आणि वाय. व्ही. रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००१ मध्ये हे दर सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जोडावेत असं सुचवलं होतं. मनुष्यबळ कमी करण्यामागेही कारणं होती. प्रत्येक निर्णय आपापल्या फाइलमध्ये तर्कशुद्ध आहे. दोन्ही फाइली एकाच घरात पोहोचल्यावर काय झालं, हा प्रश्न कोणत्याच फाइलीत नाही. तो तुम्ही विचारायचा.

गणित करा, मग त्या गणितावर शंका घ्या

समजा, खासगी कारखान्यातला एक कामगार मार्च २००१ मध्ये ४८ व्या वर्षी व्हीआरएस घेतो. व्हीआरएस, फंड, ग्रॅच्युइटी मिळून हातात सहा लाख. (माणूस आणि रक्कम काल्पनिक, बाकीचा हिशेब तुम्ही स्वतः करून बघू शकता.)

१२ टक्क्यांनी सहा लाखांवर वर्षाला ७२ हजार, म्हणजे महिन्याला सहा हजार. मुद्दलाला हात न लावता घर चालतं. ८ टक्क्यांनी वर्षाला ४८ हजार, म्हणजे महिन्याला चार हजार. घरात तेवढीच माणसं, उत्पन्न एक तृतीयांशाने कमी. आता तो मुद्दलातून काढू लागतो. खर्च दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतो असं धरलं, तर १२ टक्के व्याजावर ही पुंजी साडेतेरा वर्षं पुरते. ८ टक्क्यांवर साधारण दहा वर्षं. म्हणजे ५८ व्या वर्षी, पेन्शनच्या दारात पोहोचताना, तो मोकळ्या हाताने पोहोचतो. 'बसून खाल्लं तर डोंगरही सरतो' ही म्हण आपण आळशांना ऐकवतो. इथे डोंगर सरण्याचा वेग व्याजदर ठरवतो.

आणि दार उघडल्यावर काय? ईपीएस-९५ चं सूत्र: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असला तरी मे २००१ पर्यंत हिशेबाला कमाल ५,००० रुपये धरले जात. नोव्हेंबर १९९५ ते मार्च २००१ ही सेवेची पाच वर्षं. ५,००० गुणिले ५ भागिले ७०, म्हणजे महिन्याला ३५७ रुपये. त्यात १९७१ च्या योजनेखालच्या जुन्या सेवेची भर एका तक्त्यानुसार पडते, पण ती धरूनही एका घराचा किराणा भागत नाही. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये करावी लागली, यावरून त्याआधी लोकांना काय मिळत होतं याचा अंदाज करा. ५० व्या वर्षापासून मुदतीआधी पेन्शन घेण्याची सोय होती, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांमागे ३ टक्के कपात. सप्टेंबर २००८ पासून ४ टक्के. ही कपात तात्पुरती नसते, कायमची असते.

आता शंका. एखादा अर्थशास्त्राचा मित्र म्हणेल, "अरे, महागाईही उतरली होती ना? १२ टक्के व्याज होतं तेव्हा महागाईही तशीच होती. खरा परतावा फार बदलला नाही." त्याचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. २००१ ते २००५ या वर्षांत महागाई खरोखर कमी होती. मी या आक्षेपाला उत्तर असं देतो: फटका दोनदा बसला. पहिल्यांदा २००३ च्या आसपास, हातात येणारी दरमहा रक्कम घटली तेव्हा. किराणा स्वस्त झाला नव्हता, फक्त सावकाश महाग होत होता. दुसऱ्यांदा २००९ आणि २०१० मध्ये, औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार महागाई दोन अंकी झाली तेव्हा. त्या वेळी पीपीएफचा दर ८ टक्केच होता. आपला काल्पनिक कामगार तेव्हा ५६-५७ वर्षांचा होता, पुंजी तळाला आलेली. आक्षेप मान्य करूनही मुद्दा टिकतो, फक्त अधिक नेमका होतो. चांगला आक्षेप तुमच्या प्रबंधावर असा उपकार करतो.

सरकारला दरी दिसली, पण कोणाची?

२००३-०४ चा अर्थसंकल्प मांडताना जसवंतसिंह यांनी अल्पबचतीचा दर एक टक्क्याने उतरवला आणि त्याच भाषणात वरिष्ठ पेन्शन विमा योजना जाहीर केली: ९ टक्के परतावा, वयाची अट ५५. पुढच्या वर्षी ऑगस्ट २००४ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजना आली. दर ९ टक्के, वय ६०. पण व्हीआरएस घेतलेल्यांसाठी वय ५५, निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून ठराविक मुदतीत खातं उघडण्याच्या अटीवर.

ही सवलत म्हणजे सरकारी कागदावर या मधल्या वर्षांना मिळालेली मान्यता आहे. नोकरी संपली आहे, म्हातारपण अजून आलेलं नाही, अशी माणसं देशात आहेत, हे नियमात लिहिलं गेलं. पण आकडे जुळवून बघा. बँकेतून बाहेर पडण्याचं पात्र वय ४०. ईपीएसची मुदतपूर्व पेन्शन ५० पासून. जास्त व्याजाचा आधार ५५ पासून. म्हणजे ४० ते ५० या दहा वर्षांत काहीच नाही, आणि ५० ते ५५ मध्ये फक्त कायमची कापलेली पेन्शन. मुलांची शिक्षणं, आईवडिलांची आजारपणं, घराचे हप्ते हे सगळं नेमकं याच वयात येतं. माझ्या मते या विषयातला संशोधनाचा मोकळा पट्टा हाच आहे.

तुलनेसाठी पुढचं उदाहरण घ्या. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी व्हीआरएस घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले. तिथे पात्रतेचं वय ५० होतं आणि पेन्शन लगेच सुरू होणार होती. तीच 'व्हीआरएस', पण पूल फार छोटा. म्हणून 'व्हीआरएस घेतलेले लोक' असा एकच गट करून निष्कर्ष काढू नका. गिरणी कामगार, ईपीएसखालचा कारखाना-कामगार, फंडवाला बँक कर्मचारी, पेन्शनवाला बँक कर्मचारी आणि बीएसएनएलवाला ही पाच वेगवेगळी आयुष्यं आहेत.

साधनं कुठे मिळतील?

सुरुवात न्यायालयीन निकालांपासून करा. बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार या प्रकरणात (निकाल डिसेंबर २००२) प्रश्न होता की व्हीआरएससाठी केलेला अर्ज मागे घेता येतो का. न्यायालयाने म्हटलं, योजना हे प्रस्तावाचं निमंत्रण आहे, अर्ज हा प्रस्ताव आहे, आणि बँकेने स्वीकारण्याआधी तो मागे घेता येतो; ज्यांनी पैसे स्वीकारले, त्यांना मात्र मागे फिरता येणार नाही. आपल्याला यातून कायद्यापलीकडचंही काही मिळतं: अर्ज केल्यावर काही आठवड्यांतच मन बदललेले इतके लोक होते की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. घरी बसून कोणीतरी हिशेब केला होता. 'स्वेच्छा' हा शब्द लिहिताना हा निकाल शेजारी ठेवा. २००९ चा बँक ऑफ इंडिया विरुद्ध के. मोहनदास हा निकालही बघा. पेन्शनसाठी सेवेत पाच वर्षं वाढवून मिळण्याचा प्रश्न तिथे कर्मचाऱ्यांच्या बाजूने सुटला, पण तोवर आठ वर्षं गेली होती.

त्यानंतर त्या काळातली मराठी वृत्तपत्रं, युनियनची पत्रकं आणि घरातली पासबुकं. पासबुक हे फार बोलकं साधन आहे. कोणत्या महिन्यात पहिल्यांदा मुद्दलातून रक्कम काढली, हे त्यात तारखेसकट असतं. पण ते बघायला मागण्याआधी विश्वास कमवा, लेखी संमती घ्या, आणि नाव-खातेनंबर तुमच्या टिपणातही लिहू नका.

मुलाखतीत "तुम्ही बचतीवर कसे जगलात?" असं विचारलंत तर "भागवलं कसंतरी" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: "काका, त्या वर्षी दिवाळीला काय काय घेतलं होतं?" "दूधवाल्याचे पैसे कोण द्यायचं?" "काकू, तुम्ही काम कधी सुरू केलं?" शेवटचा प्रश्न विसरू नका. कागदावर नवऱ्याची पुंजी दिसते. पोळीभाजीचे डबे, शिवणकाम, शिकवण्या, गावाकडून येणारं तांदळाचं पोतं हे कागदावर दिसत नाही. पुंजी दहा वर्षं पुरली असेल, तर ती कोणाच्या कामामुळे पुरली, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि एक धोका कायम लक्षात ठेवा. तुमच्याशी बोलायला बसतात ते बहुतेक पैलतीराला पोहोचलेले असतात. जे ५८ च्या आधीच गेले, ज्यांनी घर विकून शहर सोडलं, ते तुमच्या यादीत नसतात. त्यांच्यापर्यंत जायचं तर विधवांच्या कौटुंबिक पेन्शनपासून आणि चाळीतल्या शेजाऱ्यांपासून मागे जावं लागेल.

तुम्ही या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर संपूर्ण भारत घेऊ नका. एक बँक शाखा, एक कारखाना किंवा एक वसाहत घ्या. बाहेर पडताना ४० ते ५० वयाचे असलेले पंधरा-वीस लोक शोधा आणि प्रत्येकासाठी तीन तारखा नोंदवा: नोकरी सुटल्याची, मुद्दलाला पहिल्यांदा हात लावल्याची आणि पेन्शनची पहिली रक्कम आल्याची. यांतली मधली तारीख कुठल्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही. ती गोळा करून आणलीत, तर तुमच्या प्रबंधात नवं काय आहे असं मार्गदर्शकांना विचारावं लागणार नाही.